लायब्ररी आहे, पण सापडत नाही
वाचक विचारतात : या वेळी नेटिव्ह लायब्ररी, म्हणजे सी किंवा सी++ सारख्या भाषेत बांधलेली आणि जावा प्रोग्राम बाहेरून वापरतो ती फाइल

(आज्ञा, सेटिंग्ज आणि फाइलींची नावं या सदरात उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापतो. टंकताना ती रोमन लिपीत, टिंब-डॅशसकट आणि लहान-मोठ्या अक्षरांचा फरक सांभाळून घ्यावीत.)

प्रश्न : आमच्या काजू कारखान्यात पोती मोजायच्या काट्याचं वजन थेट संगणकात घेणारा जावा प्रोग्राम आहे. काट्यासोबत विंडोजसाठी डीएलएल आणि लिनक्ससाठी एसओ फाइल मिळाली. एक्लिप्समधून सगळं सुरळीत चालतं. मेव्हन या बिल्डच्या साधनानं टेस्ट चालवल्या की मात्र 'नो काटा इन जावा.लायब्ररी.पाथ' अशी अनसॅटिस्फाइडलिंकएरर येते. एमव्हीएन टेस्टच्या पुढे डॅश-डी (मोठा डी) लावून पाथ दिला, टेस्टमध्ये तो छापूनही पाहिला. पाथ बरोबर दिसतो, तरी एरर तीच. — डिचोली

उत्तर : पाथ खरा आहे आणि एररही खरी आहे. दोघं फक्त दोन वेगळ्या जेव्हीएमबद्दल (जेव्हीएम म्हणजे जावा प्रोग्राम चालवणारी आभासी यंत्रणा) बोलतायत.

मेव्हन स्वतः एका जेव्हीएममध्ये चालतो. टेस्ट चालवणारा शुअरफायर प्लगइन त्यांच्यासाठी दुसरी जेव्हीएम उभी करतो. आज्ञेपुढे दिलेला डॅश-डी पहिलीला मिळतो. शुअरफायर तो दुसरीपर्यंत पोचवतो, पण ती सुरू होऊन गेल्यावर, साधी प्रॉपर्टी म्हणून. जावा.लायब्ररी.पाथ जेव्हीएम सुरू होताना एकदाच वाचते. नंतर बदललेल्या किमतीकडे ती ढुंकूनही पाहत नाही. म्हणून छापलेला पाथ बरोबर दिसतो आणि लायब्ररी सापडत नाही. कोडमध्ये सिस्टीम.सेटप्रॉपर्टी लिहूनही काही होत नाही, ते याच कारणानं. क्लासलोडरच्या (क्लास मेमरीत आणणारा जावाचा भाग) आतलं 'सिस_पाथ्स' फील्ड रिफ्लेक्शननं रिकामं करायची एक युक्ती जावा 8 च्या काळात सर्रास चालायची. ती जुन्या उत्तरांत अजून सापडते, वापरू नका.

पाथ दुसऱ्या जेव्हीएमच्या सुरुवातीच्या आज्ञेतच जायला हवा. पॉम फाइलमध्ये (मेव्हनच्या सेटिंग्जची फाइल) शुअरफायरच्या कॉन्फिगरेशनखाली 'आर्गलाइन' हा टॅग घाला आणि त्यात डॅश-डी जावा.लायब्ररी.पाथ बरोबर प्रोजेक्ट.बिल्ड.डिरेक्टरी, पुढे तिरकी रेघ, नेटिव्ह्ज असं लिहा. प्रोजेक्ट.बिल्ड.डिरेक्टरी हे डॉलर आणि महिरपी कंसात. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल तर पूर्ण किंमत अवतरणात घ्या. इंटिग्रेशन टेस्ट फेलसेफनं चालवत असाल तर त्या प्लगइनला वेगळी आर्गलाइन द्यावी लागते. कव्हरेजसाठी जाकोको असेल तर तोही आर्गलाइन याच नावाच्या प्रॉपर्टीत आपला एजंट टाकतो. तुम्ही सरळ नवी किंमत लिहिलीत की टेस्ट चालतात, पण कव्हरेजचा अहवाल रिकामा येतो. अशा वेळी किमतीच्या सुरुवातीला ॲट-चिन्ह आणि महिरपी कंसात आर्गलाइन लिहून मग आपला डॅश-डी जोडा.

आता फाइल त्या फोल्डरात पोचवण्याचं काम. लायब्ररी रिपॉझिटरीत झिप किंवा जार म्हणून ठेवली असेल तर डिपेन्डन्सी प्लगइनचा 'अनपॅक' गोल वापरा आणि तो 'प्रोसेस-टेस्ट-रिसोर्सेस' किंवा त्याआधीच्या फेजला (बिल्डच्या टप्प्याला) बांधा. पुष्कळजण तो 'पॅकेज' फेजला बांधतात. मग कोऱ्या फोल्डरात टेस्ट पडतात, आणि टेस्ट वगळून एकदा पॅकेज केलं की पुढच्या वेळी पास होतात, कारण मागच्या खेपेला उघडलेली फाइल टार्गेट फोल्डरात राहिलेली असते. 'क्लीन' केलं की पुन्हा पडतात. 'कधी चालतं, कधी नाही' अशी तक्रार असली की आधी फेज तपासावी.

प्रोग्राम एक्झेक प्लगइननं चालवत असाल तर आणखी एक फरक. 'एक्झेक:जावा' मेव्हनच्याच जेव्हीएममध्ये चालतं, तिथं पाथ मेव्हन_ऑप्ट्स या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये द्यावा लागतो. 'एक्झेक:एक्झेक' नवी प्रक्रिया सुरू करतं, तिथं तो आर्ग्युमेंट्समध्ये जातो.

नावाबद्दल : लोडलायब्ररीला 'काटा' एवढंच द्यायचं. लिनक्सवर ते लिबकाटा.एसओ होतं, मॅकवर लिबकाटा.डायलिब, विंडोजवर काटा.डीएलएल. आलेल्या फाइलीच्या नावात आवृत्तीचा आकडा किंवा '64' असेल तर जुळणी तिथंच चुकते. सिस्टीम.मॅपलायब्ररीनेम छापून पाहिलं की जेव्हीएम नेमक्या कोणत्या नावाची फाइल शोधतेय ते कळतं.

पाथ जुळल्यावर विंडोजवर 'कान्ट लोड आयए 32-बिट डीएलएल ऑन अ एएमडी 64-बिट प्लॅटफॉर्म' असं दिसलं तर दचकू नका. काटे, कार्ड-रीडर आणि जुने प्रिंटर यांच्यासोबत 32 बिट डीएलएल अजून येतात. विक्रेत्याकडे 64 बिटची फाइल मागा. ओपनजेडीकेनं 32 बिट विंडोजचा पोर्ट जावा 24 मध्ये काढून टाकला आहे, त्यामुळे जुनी 32 बिट जावा धरून बसण्याला भवितव्य नाही. तोवरची सोय म्हणून डीएलएल हाताळणारा छोटा 32 बिट प्रोग्राम वेगळा ठेवावा आणि मुख्य प्रोग्रामनं त्याच्याशी सॉकेटवरून बोलावं. त्याआधी काट्याचं माहितीपत्रक मात्र वाचा. बरेच काटे आरएस-232 वरून वजन साध्या मजकुरात पाठवतात, आणि मग विक्रेत्याची डीएलएल लागतच नाही.

प्रश्न : बंदरावरच्या आमच्या कामासाठी सी++ मधली एक लायब्ररी जावातून वापरतो. ती स्वतः आणखी दोन एसओ फाइलींवर अवलंबून आहे आणि तिन्ही एकाच फोल्डरात आहेत. टर्मिनलवरून प्रोग्राम चालतो. सिस्टीमडी सर्व्हिस (लिनक्सनं आपणहून चालू ठेवायचा प्रोग्राम) केली की 'कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल'. जावा.लायब्ररी.पाथ दोन्हीकडे एकच आहे. — वास्को

उत्तर : या पाथबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज इथंच आहे. जावा.लायब्ररी.पाथ फक्त पहिली लायब्ररी शोधायला वापरतात. तिला लागणाऱ्या बाकीच्या फाइली जेव्हीएम शोधत नाही. लिनक्सचा डायनॅमिक लोडर शोधतो, आणि त्याला जावाची ही प्रॉपर्टी ठाऊकच नसते. एरर पुन्हा नीट वाचा. त्यात 'नो अमुक इन जावा.लायब्ररी.पाथ' नाही. म्हणजे तुमची लायब्ररी सापडली आणि उघडताना अडली. संदेशात 'कॅनॉट ओपन'च्या लगेच आधी जे नाव आलंय ती गहाळ फाइल.

टर्मिनलवर चालण्याचं कारण बहुधा तुमच्या बॅशआरसीत, म्हणजे टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या फाइलीत आहे. कधीतरी तिथं एलडी_लायब्ररी_पाथ (लोडरनं कुठल्या फोल्डरांत शोधावं ते सांगणारा व्हेरिएबल) लिहून ठेवलेला असणार. सिस्टीमडी ती फाइल वाचत नाही. युनिट फाइलमध्ये सर्व्हिस विभागाखाली 'एन्व्हायर्नमेंट=' लिहून तो देता येईल, आणि आज रात्री काम अडलं असेल तर तेवढं करा. पण हा व्हेरिएबल बेभरवशाचा आहे. सुडो तो पुढे जाऊ देत नाही, आणि सेटयूआयडी किंवा विशेष कॅपॅबिलिटी दिलेल्या प्रोग्रामसाठी लोडर त्याकडे दुर्लक्ष करतो. 1024 च्या खालचा पोर्ट उघडता यावा म्हणून जावाच्या बायनरीला सेटकॅप दिलं आणि दुसऱ्या दिवशी लायब्ररी गायब झाली, असं घडतं ते यामुळेच.

टिकाऊ इलाज बिल्डमध्ये. लायब्ररीनं आपले सोबती आपल्याच फोल्डरात शोधावेत, असं तिच्यातच लिहून ठेवता येतं. त्याला आरपाथ म्हणतात. किंमत आहे डॉलर-ओरिजिन, म्हणजे 'ही फाइल जिथं आहे ते फोल्डर'. सीमेकमध्ये टार्गेटची 'इन्स्टॉल_आरपाथ' प्रॉपर्टी डॉलर-ओरिजिन करा. सीमेकची गंमत अशी की बिल्ड फोल्डरात तो आपणहून पूर्ण पाथ लिहितो आणि 'इन्स्टॉल' करताना तो पुसून टाकतो. म्हणून बिल्ड फोल्डरातून सगळं चालतं आणि इन्स्टॉल केलेली फाइल मुकाट बसते. मेकफाइल वापरत असाल तर डॉलर दोनदा लिहा आणि पूर्ण पर्याय एकेरी अवतरणात ठेवा. नाहीतर एक डॉलर मेक खातो, दुसरा शेल, आणि फाइलीत 'रिजिन' एवढाच तुकडा उरतो किंवा काहीच उरत नाही.

काय लिहिलं गेलं ते 'रीडएल्फ डॅश-डी'नं (इथला डी लहान) पाहा. आरपाथ किंवा रनपाथ अशी ओळ दिसली पाहिजे. या दोघांतला फरक तुमच्या बाबतीत महत्त्वाचा आहे. उबुंटू आणि डेबियनवर लिंकर आजकाल रनपाथ लिहितो, आणि रनपाथ फक्त त्या फाइलीच्या थेट सोबत्यांसाठी लागू होतो. पहिली लायब्ररी दुसरीला बोलावते आणि दुसरी तिसरीला, अशी साखळी असेल तर दुसरीतही डॉलर-ओरिजिन लिहावं लागतं. ती दुसऱ्यानं बांधून दिलेली असेल तर 'पॅचएल्फ डॅश-डॅश-सेट-आरपाथ' तयार फाइलीवरही चालतं. शेलमधून देताना तिथंही एकेरी अवतरण.

गहाळ फाइलींची पूर्ण यादी 'एलडीडी' देते. ज्या ओळीपुढे 'नॉट फाउंड' ती शोधायची. अनोळखी ठिकाणाहून आलेल्या फाइलीवर एलडीडी चालवू नये, कारण ती प्रसंगी फाइलीतला कोड चालवू शकते. तिथं 'रीडएल्फ डॅश-डी'मधल्या 'नीडेड' ओळी पुरतात. विंडोजवर हीच चूक 'कान्ट फाइंड डिपेन्डन्ट लायब्ररीज' म्हणून येते आणि गहाळ फाइलीचं नावही सांगत नाही. बऱ्याचदा तिथं व्हीसीरनटाइम140.डीएलएल किंवा एमएसव्हीसीपी140.डीएलएल नसते, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल बसवायचा राहिलेला असतो.

प्रश्न : मेव्हनऐवजी ग्रेडल हे बिल्डचं साधन वापरणारा प्रोजेक्ट आहे. 'ग्रेडल रन' चालतं. 'इन्स्टॉलडिस्ट'नं तयार झालेली स्क्रिप्ट प्रोजेक्टच्या फोल्डरात उभं राहून चालवली तर चालते, दुसरीकडून चालवली तर लायब्ररी सापडत नाही. — फर्मागुढी

उत्तर : प्रश्नातच उत्तर आहे. ॲप्लिकेशनडिफॉल्टजेव्हीएमआर्ग्समध्ये तुम्ही 'लिब्स/नेटिव्ह' असा सापेक्ष पाथ लिहिला असणार. तो जार कुठे आहे यावरून ठरत नाही, प्रोग्राम सुरू करताना तुम्ही ज्या फोल्डरात असता त्यावरून ठरतो. 'रन' टास्क नेहमी प्रोजेक्टच्या फोल्डरातून चालतो म्हणून फसगत कळत नाही. पूर्ण पाथ लिहिला तर तो तुमच्याच लॅपटॉपपुरता.

वाटायच्या प्रोग्रामसाठी आमचं मत असं : शोधाशोध सोडा. मुख्य क्लासच्या प्रोटेक्शनडोमेनमधून कोडसोर्सचं लोकेशन घ्या, म्हणजे जार कुठे आहे ते कळतं. तिथून लायब्ररीचा पूर्ण पाथ तयार करा आणि लोडलायब्ररीऐवजी सिस्टीम.लोड वापरा. त्याला पूर्ण पाथ आणि पूर्ण फाइलनाव, एक्स्टेन्शनसकट, लागतं. लोकेशन यूआरएल म्हणून येतं. ते आधी यूआरआय आणि मग पाथमध्ये बदला, नाहीतर फोल्डरच्या नावातली मोकळी जागा '%20' होऊन बसते.

टेस्टसाठी 'टेस्ट' टास्कमध्ये सिस्टीमप्रॉपर्टी पुरते. ग्रेडल ती टेस्टच्या जेव्हीएमच्या आज्ञेतच घालतो. लायब्ररी दुसऱ्या सबप्रोजेक्टमध्ये बनत असेल तर 'डिपेन्ड्सऑन' विसरू नका. आणि ग्रेडल.प्रॉपर्टीजमधलं ओआरजी.ग्रेडल.जेव्हीएमआर्ग्स हे ग्रेडलच्या डेमनसाठी (पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रक्रियेसाठी) असतं. तिथं लिहिलेला पाथ तुमच्या प्रोग्रामपर्यंत पोचत नाही.

प्रश्न : एकच जार द्यावा म्हणून एसओ फाइल रिसोर्सेसमध्ये ठेवली. प्रोग्राम ती /टीएमपीमध्ये काढून सिस्टीम.लोड करतो. 'इनव्हॅलिड एल्फ हेडर' येतं. मूळ फाइल सुटी लोड केली तर चालते. — म्हापसा

उत्तर : पॉममध्ये रिसोर्सेसवर फिल्टरिंग 'ट्रू' आहे का पाहा. फिल्टरिंग फाइल मजकूर समजून वाचतं आणि परत लिहितं. त्यात बायनरी फाइलीचे बाइट बदलतात. रिसोर्सेस प्लगइन जेपीजी, पीएनजी, गिफ अशा मोजक्या चित्रांना आपणहून वगळतो. एसओ आणि डीएलएल त्या यादीत नसतात. एकतर 'नॉनफिल्टर्डफाइलएक्स्टेन्शन्स'मध्ये एसओ, डीएलएल आणि डायलिब घाला, किंवा नेटिव्ह फाइलींसाठी फिल्टरिंग नसलेलं वेगळं रिसोर्स फोल्डर करा. आम्ही दुसरा मार्ग पसंत करू. यादीत नवं एक्स्टेन्शन घालायला कोणीतरी विसरतंच. खात्रीसाठी मूळ फाइलीचा आणि जारमधून काढलेल्या फाइलीचा एसएचए-256 ताडून पाहा.

हे सुटलं की पुढची अडचण ग्राहकाच्या सर्व्हरवर येईल : 'फेल्ड टू मॅप सेगमेंट फ्रॉम शेअर्ड ऑब्जेक्ट'. सुरक्षेसाठी /टीएमपी 'नोएक्झेक' करून माउंट केलेलं असतं आणि तिथल्या फाइलीतला कोड चालवता येत नाही. जावा.आयओ.टीएमपीडीर दुसऱ्या फोल्डराकडे वळवा. जेएनए (जावातून नेटिव्ह फंक्शन बोलावणारी लायब्ररी) वापरत असाल तर त्याची स्वतःची जेएनए.टीएमपीडीर ही प्रॉपर्टी आहे. विंडोजवर आणखी एक त्रास होतो. डीएलएल लोड असेपर्यंत फाइलीला कुलूप असतं, त्यामुळे डिलीटऑनएक्झिट ती पुसू शकत नाही आणि टेम्प फोल्डरात प्रती साचत जातात. दर वेळी नवं नाव देण्यापेक्षा फाइलीच्या हॅशवरून नाव द्या. आधीची प्रत असेल तर तीच वापरा.

प्रश्न : उबुंटूवर चालणारा प्रोग्राम अल्पाइनच्या डॉकर इमेजमध्ये टाकला. फाइल आहे, परवानग्या बरोबर आहेत, तरी 'एलडी-लिनक्स-एक्स86-64.एसओ.2' सापडत नाही म्हणतो. ही फाइल आमची नाहीच! — पर्वरी

उत्तर : ती जीलिबसी या सी लायब्ररीचा लोडर आहे. अल्पाइनमध्ये जीलिबसी नसून मसल ही सी लायब्ररी असते. लायब्ररी अल्पाइनवर नव्यानं बांधा, किंवा इमेज डेबियनच्या 'स्लिम' प्रकारावर न्या. इमेज थोडी फुगेल. वेळ पुष्कळ वाचेल. जीलिबसी असलेल्या दोन यंत्रणांतही आवृत्ती आडवी येते. उबुंटू 22.04 मध्ये 2.35 आहे, 20.04 मध्ये 2.31. नव्यावर बांधलेली फाइल जुन्यावर 'जीलिबसी_2.34 नॉट फाउंड' म्हणून अडू शकते. जुन्यावर बांधलेली नव्यावर चालते. म्हणून ग्राहकांकडे जी सर्वांत जुनी यंत्रणा आहे, तिच्यावर बांधा.

प्रश्न : टॉमकॅट या जावा वेब सर्व्हरवर वॉर फाइल (वेब ॲप्लिकेशनचं पॅकेज) नव्यानं चढवली की 'ऑलरेडी लोडेड इन अनदर क्लासलोडर'. टॉमकॅट बंद करून चालू केला की ठीक. — मडगाव

उत्तर : एक नेटिव्ह लायब्ररी एका वेळी एकाच क्लासलोडरची असते. नवी वॉर म्हणजे नवा क्लासलोडर, आणि जुना गार्बेज कलेक्शनमध्ये जाईपर्यंत लायब्ररी सोडत नाही. नेटिव्ह मेथड्स असलेला क्लास आणि त्याचा लोडलायब्ररी करणारा स्टॅटिक ब्लॉक वेगळ्या छोट्या जारमध्ये काढा, तो जार टॉमकॅटच्या लिब फोल्डरात ठेवा आणि वेब-आयएनएफ/लिबमधून हटवा. हटवणं राहिलं तर वॉरमधली प्रत आधी उचलली जाते आणि तुम्ही होता तिथंच. मेव्हनमध्ये त्याचा स्कोप 'प्रोव्हायडेड' केला की तो वॉरमध्ये शिरत नाही. क्लास दुसऱ्या पॅकेजमध्ये हलवलात तर सी बाजूच्या फंक्शनची नावंही बदलावी लागतात, कारण 'जावा_', पॅकेज, क्लास आणि मेथड मिळून ते नाव होतं. पॅकेजच्या नावात अधोरेखा असेल तर तिच्या जागी '_1' येतं. हेडर हातानं लिहू नका, 'जावासी डॅश-एच' ती काढून देतं. सी++ असेल तर 'एक्स्टर्न सी' हवंच. हे चुकलं तर लायब्ररी लोड होते, पण पहिल्या कॉलला मेथडच्या नावासह अनसॅटिस्फाइडलिंकएरर येते. त्या एररला पाथशी काही घेणंदेणं नसतं.

प्रश्न : ट्रॉलरवरच्या मासळीची नोंद ठेवणारं आमचं अँड्रॉइड ॲप प्ले स्टोअर 16 केबी पेज साइजचं कारण देऊन अडवतं. नेटिव्ह कोड आम्ही लिहिलेलाच नाही. — कुटबण

उत्तर : तुम्ही नाही, पण एखाद्या तयार लायब्ररीनं आणला आहे. अँड्रॉइड स्टुडिओच्या एपीके ॲनालायझरमध्ये लिब फोल्डर उघडा. कोणत्या एसओ आल्या आहेत आणि कोणाची मांडणी 16 केबीच्या पेजला (मेमरीच्या तुकड्याला) जुळत नाही ते तिथं दिसतं. अँड्रॉइड 15 किंवा पुढच्या आवृत्तीसाठीच्या ॲप्सना हा नियम 1 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. दोषी लायब्ररीची नवी आवृत्ती घ्या. स्वतः बांधत असाल तर एनडीके (अँड्रॉइडसाठी नेटिव्ह कोड बांधायचं साधन) आर28 आपणहून 16 केबीची मांडणी करतो. जुन्या एनडीकेत लिंकरला मॅक्स-पेज-साइज 16384 द्यावं लागतं. अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन 8.5.1 किंवा त्यापुढचा ठेवा.

प्रश्न : जावा 24 वर आल्यापासून लोडलायब्ररीच्या जागी 'रिस्ट्रिक्टेड मेथड' असा इशारा येतो. प्रोग्राम चालतो. दुर्लक्ष करावं का? — साखळी

उत्तर : आज चालेल, पण पुढच्या एखाद्या आवृत्तीत या इशाऱ्याची एरर होणार आहे. सुरुवातीच्या आज्ञेत डॅश-डॅश-एनेबल-नेटिव्ह-ॲक्सेस बरोबर ऑल-अननेम्ड द्या. 'जावा डॅश-जार'नं चालवत असाल तर त्या मुख्य जारच्या मॅनिफेस्टमध्ये 'एनेबल-नेटिव्ह-ॲक्सेस: ऑल-अननेम्ड' ही ओळ पुरते. इतर जारच्या मॅनिफेस्टमध्ये लिहून उपयोग नाही. टेस्टसाठी हा पर्यायही आर्गलाइनमध्येच जातो, डिचोलीच्या वाचकांना सांगितल्याप्रमाणे. पुढे एरर झाल्यावर काय तुटेल ते आत्ताच पाहायचं तर डॅश-डॅश-इल्लीगल-नेटिव्ह-ॲक्सेस बरोबर डिनाय देऊन एकदा टेस्ट चालवा. मेव्हन सुरू होतानाच जान्सी या त्याच्यासोबतच्या लायब्ररीच्या नावानं असाच इशारा दिसला तर तो मेव्हनचा स्वतःचा आहे. त्यासाठी प्रोजेक्टमध्ये काही शोधू नका, तोच पर्याय मेव्हन_ऑप्ट्समध्ये घाला.